मास्तरांची फुंक

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. एका कारखान्याच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे आणि पुढे तो बँड त्यांच्याच हाताखाली आला. कारखाना बंद पडला, बँडवाले पांगले, पण मास्तर हे नाव मागे राहिलं. मग त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करायचं काम मांडलं. तेही फक्त फुंकायची वाद्यं. एकदा एक गृहस्थ गिटार घेऊन आले होते, तर न्हाव्याच्या दुकानात कुणी चपला शिवायला घेऊन यावं तसं मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, वाद्यांचं घर म्हणजे दिवसभर कानावर गाणी पडतील. कसली गाणी. दिवसभर ठोकाठोक. पितळेला पोचा आला की आतून लोखंडी गोळा फिरवून तो काढायचा, सांधा सुटला की कथलाचा डाग देऊन जोडायचा, पिस्टन अडकला की तो घासून, तेल घालून मोकळा करायचा, आणि मग एकच सूर पुन्हा पुन्हा. त्या एका सुरापायी मी कित्येकदा भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलंय.

मास्तरांचा एक नेम होता. दुरुस्त केलेलं वाद्य स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. शाळांचे बँड, अग्निशमन दलाचा बँड, हौशी क्लॅरिनेटवाले, सगळे त्यांच्याकडे यायचे ते या एका गोष्टीसाठी. मास्तरांनी फुंकून दिलंय म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. या फुंकेचा म्हाताऱ्याला भारी अभिमान. बाकी कशावरूनही त्यांची थट्टा करा, हसून सोडून देतील, पण फुंकेबद्दल नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

मग त्यांचे पुढचे दात गेले. ट्रम्पेट वाजवायचं तर ओठाला आतून दातांचा टेका लागतो, हे मला आता कळतं. त्यांनी कवळी बसवून घेतली, पण फुंकायला गेले की कवळी हलायची आणि सुराऐवजी नुसता वारा निघायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला नाही आणि स्वतःच्या मुलालाही नाही. मला एवढंच दिसलं की पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा लागला. वाजवताना लोक तोंडाकडे बघतात, त्याने लक्ष उडतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लावा बापडे पडदा.

त्या पडद्यामागे काय चालायचं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. माझ्या मुलीला आम्ही पिपाणी म्हणतो; तिचा आवाज ऐकलात तर का ते विचारणार नाही. मी शिवणकारखान्यात कटिंगच्या टेबलावर आणि नवरा बस घेऊन रस्त्यावर, त्यामुळे शाळेतून आली की ती आजोबांच्या ताब्यात. आजोबांनी तिला ट्रम्पेट कसं धरायचं, ओठ कसे आवळायचे, श्वास कुठून आणायचा ते शिकवलं. पोरगी असा काही स्वच्छ सूर काढायला लागली की मास्तरांना आपले दात परत मिळाल्यासारखं झालं. मग दोघांचं गूळपीठ जमलं. गिऱ्हाईक बाकावर बसायचं, मास्तर "बघतो हं वाजवून" म्हणत वाद्य घेऊन पडद्याआड जायचे, आत पिपाणी वाजवायची, आणि मास्तर रुमालाने स्वतःचे ओठ पुसत बाहेर यायचे. नाटक कंपनीत शोभले असते.

मला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, कारण माझी सक्त ताकीद होती: दुसऱ्यांची उष्टी वाद्यं माझ्या मुलीने तोंडाला लावायची नाहीत. यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं. मास्तर म्हणाले होते, "मी माउथपीस साबणाने धुतो, तुमच्या कपबश्यांपेक्षा स्वच्छ असतो तो." धूतही असत, नाही असं नाही. पण गिऱ्हाईक घाईत असलं की धुणं राहायचं.

तशीच एक घाईतली मुलगी एक दिवस आली. शाळेच्या बँडमधली, उंच, दोन वेण्यांची, काखोटीला ट्रम्पेट. मधला पिस्टन खाली गेला की वर येत नव्हता आणि थोड्याच वेळात तिला तालमीला पोचायचं होतं. तिने तिथंच ट्रम्पेट तोंडाला लावून काय बिघडलंय ते मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी पिस्टन काढला, घासला, तेल घातलं आणि ट्रम्पेट घेऊन पडद्याआड गेले. आत पिपाणीने सूर लावला. मुलगी खूश होऊन पळाली. दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली आणि संध्याकाळपर्यंत तिला आपल्या आईची ओळख पटेना.

हे आम्हाला कळलं ते आरोग्य खात्याची नर्स दारात आली तेव्हा. माझा सुट्टीचा दिवस होता. नर्सबाई साठीच्या जवळ पोचलेल्या, पायात पुरुषी बूट, खांद्याला जड पिशवी. बाकावर टेकल्या, पाणी मागितलं आणि मग सांगितलं की त्या मुलीच्या मेंदूच्या आवरणाला सूज आलीय, इस्पितळात आहे. कण्यातलं पाणी काढून तपासलं, त्यात जंतू सापडलाय.

"हा जंतू घशात राहतो," त्या म्हणाल्या. "पुष्कळांच्या राहतो आणि काही करत नाही. पण एखाद्याच्या रक्तात उतरला तर एका दिवसात माणूस आडवा करतो. थुंकीतून, अगदी जवळून पसरतो. म्हणून तिच्या घरच्यांना, बँडमध्ये एका बाटलीतून पाणी पिणाऱ्यांना, सगळ्यांना एकेक गोळी देतोय. घशातच मारून टाकायचा. तिचं ट्रम्पेट तुमच्याकडे होतं ना मास्तर? तोंडाला कुणी कुणी लावलं?"

"मीच," मास्तर म्हणाले. "दुसरं कोण लावणार?"

"घरात लहान मूल आहे म्हणे. तिने?"

"छे छे. तिला मी हात लावू देत नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, उशिरा का होईना, सासऱ्यांनी सुनेचं एक तरी ऐकलं. मी नर्सबाईंना चहासुद्धा केला. त्यांनी मास्तरांच्या हातावर एक गोळी ठेवली, ताप आला, डोकं दुखलं, मान आखडली तर लगेच इस्पितळ गाठायचं असं बजावलं, आणि गेल्या.

मास्तर काही निर्दय माणूस नाहीत. नातीवर त्यांचा जीव आहे. फुंकेचा अभिमान आणि नातीचा जीव, दोन्ही सांभाळायचा त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला, आणि तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. ती गोळी त्यांनी कामाच्या टेबलावर शिकंज्यात हलकेच धरली, पितळ कापायच्या बारीक करवतीने तिचे बरोबर दोन भाग केले, एक स्वतः गिळला आणि दुसरा साखरेत बुडवून पिपाणीला दिला. खोकल्याची गोळी आहे म्हणाले. तिला खोकला नव्हता. तिने निमूटपणे घेतली.

झालं, यांच्या लेखी विषय संपला. पुढचे काही दिवस ते इतके मजेत होते की शीळ घालत पितळ घासायचे. मी विचारलंसुद्धा, "बाबा, आज काय विशेष?" तर म्हणाले, "अगं, माणसाने डोकं वापरलं की सगळं निभतं."

नर्सबाई पुन्हा आल्या तेव्हा मी नुकतीच कामावरून येऊन हातपाय धूत होते. पिपाणी शाळेत खेळाच्या तासाला थांबली होती. नर्सबाईंचा चेहरा पाहून मला वाटलं, ती मुलगी गेली. "गेली का ती?" मी ओल्या हातांनीच विचारलं.

"नाही नाही, ती सुधारतेय," त्या घाईने म्हणाल्या. "आज डोळे उघडून आईशी बोलली. काम दुसरंच आहे. मी त्या दिवशी दिलेली गोळी या जंतूवर चालत नाही. प्रयोगशाळेचं कळलं. सगळ्यांना नव्याने औषध द्यावं लागणार. सकाळपासून दारोदार फिरतेय."

"चालत नाही म्हणजे?" मास्तर म्हणाले. "गोळी जुनी होती?"

"गोळी चांगली होती. जंतूच बनचुका आहे."

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. एक गोल पसरट काचेची वाटी, तिच्यात जंतूंची दाट साय धरलेली, आणि त्या सायीवर छोट्या छोट्या कागदी टिकल्या. प्रत्येक टिकली वेगळ्या औषधात बुडवलेली असते, त्या म्हणाल्या. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ रिंगण पडतं. एका टिकलीभोवती चांगलं मोठं रिंगण होतं. एकीभोवती मात्र काहीच नव्हतं. साय थेट टिकलीच्या कडेपर्यंत जाऊन भिडली होती.

"ही तुमची गोळी," नर्सबाईंनी बोट ठेवलं. "आणि ही शेजारची पेनिसिलिनची, तिचंही रिंगण जेमतेम. पूर्वी या जंतूला पेनिसिलिन दाखवलं तरी पुरे असायचं. लोकांनी औषधं इतकी वाटेल तशी घेतली, वाटेल तिथं अर्धवट सोडली, की काही जंतू शिकून शहाणे झाले. ती मुलगी वाचली ती या मोठ्या रिंगणवाल्या इंजेक्शनामुळे. ते अजून चालतंय."

ते 'अजून' मला टोचलं. मी आजवर समजत होते की औषध एकदा लागू पडलं की कायमचं लागू पडतं, आपल्या किल्लीने आपलं कुलूप उघडतं तसं. आतून कुलूपच कुणी बदलत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. तरी मी निवांत होते. माझ्या घरात ते ट्रम्पेट फक्त मास्तरांच्या तोंडाला लागलं होतं ना.

मास्तर फोटोकडे बघत राहिले होते. मग स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे अर्धी काय आणि पूर्ण काय."

"अर्धी?" नर्सबाईंनी मान वर केली. "अर्धी कुणी घेतली?"

मास्तरांनी टेबलावरची बारीक करवत उचलून खणात टाकली. काय ते विचारायलाही मला वेळ मिळाला नाही. दार ढकलून पिपाणी आत आली. गाल लालबुंद. दप्तर तिने नेहमीसारखं फेकलं नाही, हळूच जमिनीवर ठेवलं. म्हणाली, "आई, मला झोपायचंय. डोकं दुखतंय."

मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "ते ट्रम्पेट मी नाही फुंकलं," ते म्हणाले. "हिने फुंकलं. दरवेळी हीच फुंकते. दात गेल्यापासून माझ्याने होत नाही. गोळी अर्धी हिला दिली, अर्धी मी घेतली."

मला आधी शब्दच समजले नाहीत. मग समजले. राग, भीती, सगळं एकदमच उसळलं, आणि मी काय बोलणार होते देव जाणे, पण नर्सबाईंनी माझा दंड धरला. "भांडण नंतर करा. पोरीची चादर घ्या." त्यांनी पिपाणीला खिडकीकडे तोंड करून बसवलं, हनुवटी छातीला टेकवायला सांगितलं, हातापायांवर पुरळ आहे का पाहिलं आणि बोलता बोलताच इस्पितळात फोन लावला. पिपाणीची हनुवटी छातीला टेकली. नर्सबाई म्हणाल्या, हे चांगलं आहे, पण एवढ्यावर विसंबायचं नाही.

इस्पितळाची ती खोली मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि खरं तर लक्षात ठेवण्यासारखं तिथं काही नव्हतं. पिवळट भिंत, चाकं कुरकुरणारा पलंग, शेजारच्या टेबलावर कुणीतरी विसरलेला कंगवा. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, केस पेनाने वर खोचलेले. तिने पिपाणीला पुन्हा तपासलं, रक्त घेतलं, घशातून कापसाची काडी फिरवली, आणि वाट न बघता ते रिंगणवालं इंजेक्शन देऊन टाकलं. त्याने घशातला जंतूही मरेल आणि रक्तात उतरला असला तर तोही, असं तिने मला नीट समजावलं. मग म्हणाली, "शुद्धीवर आहे, मान मोकळी आहे. कण्यातलं पाणी आत्ता काढत नाही. जरा बघू." डॉक्टरांच्या तोंडचं 'जरा बघू' आईला किती लांब वाटतं ते काय सांगू.

मास्तर बाहेर व्हरांड्यात बसले होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. नवरा बसची फेरी संपवून धावत आला, त्याला मी चार वाक्यांत सगळं सांगितलं, तर तो बापाकडे एकदा बघून माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघांनी आळीपाळीने पिपाणीला मान वाकवायला लावली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आता मान त्यानेच दुखेल माझी."

नर्सबाई जाता जाता मास्तरांपाशी थांबल्या. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. मास्तर विचारत होते, "मी अर्धी केली म्हणून का तो जंतू असा झाला?"

"नाही. तो आधीच शिकून आला होता. अर्ध्या गोळीने तुम्ही त्याला काही नवीन शिकवलं नाही. पण अशाच अर्ध्या गोळ्यांवर हे जंतू शिकत आलेत, हे लक्षात ठेवा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची चूक गोळीची नाही मास्तर. त्या दिवशी मी नाव विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिपाणीला शिंक आली. मग दुसरी. मग तिचं नाक नळाचा वायसर गेल्यासारखं वाहायला लागलं. डॉक्टर मुलीने टॉर्च मारून घसा पाहिला, ताप पाहिला, तो उतरला होता, आणि ती हसली. "सर्दी आहे हो," ती म्हणाली. "साधी सर्दी. वर्गातून आणलेली असणार." रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागला, पण तोही स्वच्छ आला. मुलीच्या वाहत्या नाकाकडे बघून आनंदाने रडणारी बाई त्या वॉर्डात त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. माझा जीव भांड्यात पडला. मी तिचं नाक पुसत होते आणि ते पुन्हा वाहत होतं आणि मला वाटत होतं, वाहू दे बाई, हवं तेवढं वाहू दे.

घशाच्या काडीत मात्र तो जंतू सापडला. इंजेक्शनाच्या आधी घेतलेली काडी ती. म्हणजे तो बनचुका माझ्या पोरीच्या घशात खरोखरच येऊन बसला होता, अर्धी गोळी पचवून, ऐसपैस. पुढे रक्तात उतरला असता की नुसताच बसून राहिला असता, कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाली, आता तो गेला. तेवढं मला पुरे होतं.

घरी आल्यावर मास्तरांचं औषध चालू झालं. त्यांना इंजेक्शन नको होतं, म्हणून नर्सबाईंनी दोन दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या आणि सांगितलं होतं की याने लघवी नारिंगी होते, घामसुद्धा, घाबरायचं नाही. मास्तर तरी घाबरले. संडासातून बाहेर आले ते पांढरेफटक पडून. मग आमची अबोल्याची कोंडी फोडायची म्हणून की काय, मला ऐकू जाईल असं मुलाला म्हणाले, "इतकी वर्षं पितळ तोंडाला लावलं, ते आता बाहेर पडतंय बघ."

माझ्याने राहवलं नाही. "पितळ तर कधीच उघडं पडलं तुमचं," मी म्हटलं. नवरा फिस्सकन हसला. मग मीही हसले आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं. त्यांच्या बनियनला नारिंगी डाग पडले होते, ते मी दोनदा घासले आणि मग नाद सोडला. राग काही तेवढ्याने गेला नव्हता. पण औषध शरीरात भिनल्याची ती खूण होती, आणि ते डाग बघून मला बरं वाटायचं.

मास्तरांनी काम बंद ठेवलं होतं. वाद्यं खुंटीला लटकलेली, हातोडी तशीच पडलेली. जेवायला बोलावलं की यायचे, दोन घास खाऊन उठायचे. मला कळत होतं, ते कसली तरी तयारी करत होते. माझ्यापुढे त्यांनी चूक कबूल केली होती, पण ती वेळच तशी होती. गिऱ्हाइकांपुढे बोलायचं म्हणजे मास्तरांच्या लेखी दुकानाची पाटीच उतरवायची.

मग एक दिवस बँडच्या बाई आल्या. शाळेचा बँड त्याच शिकवतात. धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, खोलीत शिरल्या की खोली भरून जाते. हातात दोन क्लॅरिनेट होते. ट्रम्पेटवाली मुलगी घरी आल्याचं त्यांनी सांगितलं. अशक्त आहे, पण चालतेय, तिचे कान तपासले तेही ठीक आहेत, बँडमध्ये कधी घेणार म्हणून आत्तापासून डोकं खातेय. मी चहा घेऊन आले होते. पिपाणी बाकावर पाय हलवत बसली होती.

मास्तर उभे होते. "बाई, वाद्यं ठेवा," ते म्हणाले, "पण आधी माझं ऐका, मग वाटलं तर उचलून न्या. मी तुम्हाला फसवलंय. तुमचं एकही वाद्य कित्येक वर्षांत मी फुंकलेलं नाही. माझे दात नाहीत. कवळी आहे, तिने फुंकता येत नाही. पडद्यामागे ही वाजवायची."

बाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि त्यात बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, पण हळूच बोलल्या. "आम्हाला माहीत आहे, मास्तर."

"नर्सने सांगितलं?"

"नाही हो. आधीपासूनच. तुमचा तो पडदा गुडघ्यापर्यंतच येतो. बाकावर बसलं की खाली चार पाय दिसतात. दोन तुमचे, दोन इवलेसे."

मास्तरांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी त्या बाकावर कधी बसलेच नव्हते.

"कुणाकुणाला माहीत आहे?" मास्तरांनी विचारलं.

"सगळ्यांनाच असेल. मुलांना तर आहेच. अग्निशमनवाले तर म्हणतात, धाकट्या मास्तरांचा सूर जास्त चांगला लागतो."

"मग इतक्या वर्षांत कुणी बोललं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि दुरुस्ती तर तुमचीच होती. वाद्य कधी बिघडलेलं निघालं नाही. मग कशाला बोलायचं?"

मास्तर हळूहळू खाली बसले, जमिनीवरच, भिंतीला टेकून. "जे झाकायला मी पोरीचं नाव घेतलं नाही," ते म्हणाले, "ते झाकलेलंच नव्हतं." बाईंना कुठे बघावं कळत नव्हतं. मला कळत होतं, मी मास्तरांकडेच बघत होते, आणि त्या दिवसापासून साठवून ठेवलेलं सगळं बोलून टाकावं असं वाटत होतं.

पिपाणी बाकावरून उतरून त्यांच्यासमोर जाऊन बसली. मास्तर तिला म्हणाले, "आणि तुलाही मी फसवलं. खोकल्याची गोळी म्हणून थाप मारली."

"मला माहीत होतं ती कसली होती," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"नर्सबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पडद्यामागेच होते. आई खोलीत आली म्हणून स्टुलावर पाय वर घेऊन बसले. त्यांनी विचारलं ना, कुणी कुणी तोंडाला लावलं म्हणून, ते ऐकलं मी. मला वाटलं आता तुम्ही माझं नाव सांगाल."

"मग मी सांगितलं नाही तेव्हा बाहेर का आली नाहीस?" मास्तरांनी विचारलं. "डोकं दुखायला लागलं तेव्हा तरी आईला सांगायचंस की."

तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि यात न कळण्यासारखं काय आहे अशा सुरात म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं ना, आजोबा."

मास्तरांनी कवळी काढून बाजूला ठेवली, सगळ्यांच्या देखत, आणि तिला पोटाशी धरून रडले. मीही जाऊन त्या दोघांजवळ जमिनीवर बसले.